अर्ज परत त्याच टेबलावर

गेले दोन-अडीच महिने मी एकच अहवाल पुन्हा पुन्हा वाचतेय. १८५५ सालचा, मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा. इतिहासाच्या पुस्तकांत तो 'टॉर्चर कमिशन' म्हणून एखाद्या ओळीत येऊन जातो. ज्यांनी तो उघडून पाहिलाय त्यांना बहुधा छळाच्या प्रकारांची वर्णनं आठवतात. मी अडकलेय ती दुसऱ्याच एका परिच्छेदात. तिथे आयोगाचे सदस्य म्हणतात की छळ होतो याची खात्री पटल्यावर वाईट वाटलंच, पण त्याहूनही जास्त मनाला लागलं ते हे, की ज्याचा छळ झाला त्याला दाद मिळणं किती अवघड आहे.

माझ्या पीएचडीचा विषय पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा इतिहास आहे, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोलिसांची तक्रार? ती कुठे करायची, पोलीस स्टेशनलाच ना?" विचारणारा हसतो, मीही हसते. पण खरं सांगायचं तर माझा रिसर्च क्वेश्चन हाच आहे, आणि तो १८५५ मध्ये जवळपास याच शब्दांत विचारला गेला होता. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै १८५४ मध्ये लंडनला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मद्रास इलाख्याच्या कारभारावर चर्चा झाली. तिथे काही सदस्यांनी आरोप केला की कंपनीच्या राज्यात शेतसारा वसूल करण्यासाठी रयतेचा सर्रास छळ केला जातो. कंपनीच्या बाजूच्या लोकांनी अर्थातच ते झिडकारलं. पण आरोप पार्लमेंटात झाला होता, त्यामुळे मद्रास सरकारला काहीतरी करणं भाग पडलं. सप्टेंबरमध्ये तीन जणांचा आयोग नेमला गेला: एडवर्ड इलियट, एच. स्टोक्स आणि जॉन ब्रूस नॉर्टन. नॉर्टन बॅरिस्टर, कंपनीच्या न्यायव्यवस्थेवर आधीच पुस्तक लिहून टीका केलेला. स्टोक्स मुलकी नोकरीतला. आणि इलियट? तो मद्रास शहराचा चीफ मॅजिस्ट्रेट होता आणि शहराचे पोलीसही त्याच्याच हाताखाली होते. म्हणजे पोलिसांच्या अत्याचाराची चौकशी करणाऱ्या तिघांतला एक स्वतःच पोलीसप्रमुख. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण ही जोडी पुढे पुन्हा भेटणार आहे.

इथे एक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढचं काही कळणार नाही. त्या काळच्या मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस ही दोन खाती नव्हतीच. १८१६ च्या नियमांनी तहसीलदाराला तालुक्याच्या पोलिसांचाही प्रमुख केलं होतं. गावात पाटील, वर तहसीलदार, त्याच्या वर कलेक्टर, आणि कलेक्टरच मॅजिस्ट्रेट. सारा थकला की वसुलीला येणारा शिपाई आणि चोरी झाली की तपासाला येणारा शिपाई एकच. त्याच्या हातात 'किट्टी' असायची, म्हणजे दोन काठ्यांमध्ये बोटं चेपायचा चाप. किंवा माणसाला कमरेत वाकवून, मान आणि पाय एकत्र बांधून तासन्‌तास उन्हात उभं करायचं. साऱ्यासाठीही तेच आणि कबुलीसाठीही तेच. याहून जास्त तपशिलात मी जात नाही, अहवालात पानंच्या पानं आहेत.

आयोगाने जाहीर नोटीस काढली की ज्यांची तक्रार असेल त्यांनी यावं किंवा लिहून पाठवावं. काही महिन्यांत १,९५९ तक्रारी आल्या. त्यातले ५१९ लोक स्वतः आले होते, बाकीच्यांची पत्रं. रस्ते कसे होते, गाडीभाडं किती, शेत कुणाच्या भरवशावर सोडायचं, याचा विचार केला की ५१९ हा आकडा लहान वाटत नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. सरकारी नोकराने बळजबरीने पैसे उकळले तर त्याच्यावर कारवाई करण्यासाठी मद्रासमध्ये १८२२ आणि १८२८ चे कायदे आधीपासून होते. आयोगाने शोध घेतला की या कायद्यांखाली लोकांनी किती तक्रारी केल्या. त्यांच्या माहितीत एकही नव्हती. पंचवीस-तीस वर्षं कायदा पुस्तकात, आणि तक्रारी शून्य. मग तीन माणसं टेबल मांडून बसली आणि जवळपास दोन हजार. मला हे वाचून थांबावं लागलं, कारण आजही 'आमच्याकडे तक्रारी फारशा येत नाहीत' हे वाक्य सगळं आलबेल असल्याचा पुरावा म्हणून ऐकवलं जातं.

तक्रारी आधी का आल्या नाहीत? आयोगाने तीन कारणं दिली आहेत.

एक, अंतर. कलेक्टरला समक्ष भेटायचं तर कित्येक दिवस चालत जायचं, कचेरीबाहेर ताटकळायचं, मजुरी बुडवायची.

दोन, आणि हे माझ्या सगळ्या थिसिसचं मूळ आहे. समक्ष न जाता अर्ज लिहून पाठवला, तर लोकांना भीती वाटायची की त्यावर नेहमीचा शेरा पडून तो परत येईल. शेरा काय, तर 'तहसीलदाराकडे वर्ग'. म्हणजे ज्याने मारलं, किंवा ज्याच्या शिपायाने मारलं, त्याच्याच टेबलावर तो कागद जाणार. त्यावर अर्जदाराचं नाव, गाव, काय झालं, साक्षीदार कोण, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आता तुम्हीच सांगा, असा अर्ज कोण करेल? कलेक्टर वाईट असायची गरजही नव्हती. तो फक्त नेहमीचं काम नेहमीच्या पद्धतीने करत होता. तालुक्याचा विषय तालुक्याला.

तिसरं कारण शिक्षेचं. आरोप मॅजिस्ट्रेटपुढे सिद्ध झाला तरी तो फार तर ५० रुपये दंड किंवा महिनाभर कैद देऊ शकत होता. त्याहून जास्त हवं तर प्रकरण वरच्या न्यायालयात पाठवायचं. पैसे उकळल्याच्या प्रकरणात तर आधी असिस्टंट कलेक्टर, मग कलेक्टरकडे अपील, मग रेव्हेन्यू बोर्ड. या शिडीवर दमडी नसलेला रयत पैसेवाल्या अंमलदाराशी झुंजू शकणार नाही, असं आयोगानेच लिहिलंय.

थोडं विषयांतर. हा अहवाल वाचताना एक सावधगिरी लागते. तो अंमलदारांना झोडपतो, पण गोऱ्या साहेबांना अलगद बाजूला काढतो. लोकांची ओरड त्यांच्याच देशबांधवांच्या क्रौर्याविरुद्ध आहे, युरोपियन अधिकाऱ्यांविरुद्ध नाही, असं त्यात ठासून म्हटलंय. सारा किती असावा हे कोण ठरवत होतं, वसुली कमी पडली तर वरून कोण दटावत होतं, यावर तो गप्प आहे. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये उठाव पेटलेला असताना कार्ल मार्क्सने न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनमध्ये याच अहवालावर लेख लिहिला, त्यात नेमकं हेच बोट ठेवलंय. मी हा अहवाल वापरते तो असा: छळाचा दोष कुणावर ढकलला आहे ते संशयाने वाचायचं, पण अर्जाचा कागद कुठून कुठे फिरतो याबद्दल तो जे सांगतो ते नीट ऐकायचं. कारण त्या बाबतीत खोटं लिहून सरकारचा काही फायदा नव्हता.

मग पुढे काय झालं? आयोगाचा मुख्य उपाय होता महसूल आणि पोलीस वेगळे करा. ते झालं. मद्रासमध्ये १८५९ चा पोलीस कायदा आला आणि १८६१ मध्ये बहुतेक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पोलीस कायदा झाला. नमुना होता आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीचा, जो चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये आणला होता. सिंध १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि तिथली रचना पाहून १८५३ मध्ये मुंबईचे पोलीस नव्याने उभे केले गेले, प्रत्येक जिल्ह्याला एक सुपरिंटेंडंट. (मुंबईने १८६१ चा कायदा न घेता स्वतःचे वेगळे कायदे ठेवले. आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं मूळ १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात आणि त्याआधीच्या १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यात आहे.) आयर्लंडची पद्धत निवडली यात आश्चर्य काही नाही. तिथलं पोलीस दल लोकांवर लक्ष ठेवायला उभं केलेलं होतं आणि आज्ञा वरून खाली जात होती. तक्रारही त्याच साखळीने, उलट दिशेने वर चढायची.

याच दहा-बारा वर्षांत सरकारने कायद्यात पोलिसांवरचा अविश्वास मात्र चक्क लिहून ठेवला. १८६० च्या दंडसंहितेत कबुलीसाठी दुखापत करण्याचं वेगळं कलम आहे, ३३०, आणि त्याचं पहिलंच उदाहरण असं की 'अ' हा पोलीस अधिकारी 'य' ने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याचा छळ करतो. कायद्याच्या पुस्तकात उदाहरण द्यायचं तर इतकं सहज सुचलं ते हे! १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात अग्राह्य ठरवली. जगात फार कमी ठिकाणी पोलिसांवर इतका उघड अविश्वास कायद्यात आलाय. आणि तरीही, त्याच सरकारने पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांकडेच राहू दिली. पोलीस कायद्यात शिक्षा आहेत, बडतर्फी आहे, तीन महिन्यांपर्यंतच्या पगाराचा दंड किंवा कैद आहे. पण आधी ठरवायचं कुणी की शिपाई चुकला? त्याच्या साहेबाने. मॅजिस्ट्रेटकडे गेलात तर तोही प्रकरण तपासासाठी पोलिसांकडे पाठवू शकत होता. १८५५ मध्ये जिथे तहसीलदार होता तिथे आता इन्स्पेक्टर बसला, शेरा तोच राहिला.

माझ्या गाईडना मी हा मुद्दा सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं की हा विरोधाभास खरंच विरोधाभास आहे का. सरकारला न्यायालयात पडणारा पुरावा स्वच्छ हवा होता, कारण निकाल उलटले तर अब्रू जाते. अर्जदाराचं समाधान ही गरज कधी कुणाची होतीच कुठे? मला हे पटलं. म्हणजे कबुलीचा नियम पोलिसांना आवरण्यासाठी होता, पण त्यात मार खाल्लेल्या माणसाला कुठे जागाच नव्हती. त्याने आरोपी म्हणून कोर्टात यावं आणि कबुली रद्द करून घ्यावी, एवढाच त्याला रस्ता. जो कधी आरोपीच झाला नाही, ज्याला दोन दिवस डांबून सोडून दिलं, त्याचं काय? त्याच्यासाठी अर्ज, आणि अर्जासाठी शेरा. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये (१८८३) गोरा साहेब आणि शेतकरी यांच्यामध्ये बसलेल्या कामगारांच्या फळीबद्दल जो संताप व्यक्त केलाय, तो मी आता या शेऱ्याच्या संदर्भात वाचू लागलेय.

१९०२-०३ मध्ये कर्झनने अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला. निष्कर्ष: पोलीस अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी. हे सरकारच्याच आयोगाने, पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा. त्यावर उपाय म्हणून चांगले अधिकारी, चांगला पगार, चांगली देखरेख. देखरेख म्हणजे पुन्हा वरचा साहेब.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीस वर्षं माझ्या विषयासाठी बरीचशी रिकामी आहेत, म्हणून थेट १९७७ वर येते. आणीबाणी संपली होती, शाह आयोग चालू होता, आणि पोलिसांनी सत्तेच्या सांगण्यावरून काय काय केलं ते रोज पेपरात येत होतं. नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्म वीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याचा पहिला अहवाल फेब्रुवारी १९७९ चा, आणि त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

ते प्रकरण मला आवडतं कारण त्यात बाजू घेण्याची घाई नाही. आयोग म्हणतो की बहुतेक तक्रारींची चौकशी वरिष्ठ पोलिसांनीच करावी, कारण शिस्त राखायची जबाबदारी त्यांची आहे आणि ती त्यांच्याकडून काढून घेतली तर ते हात झटकतील. पण तीन प्रकारांत न्यायिक चौकशी सक्तीची हवी: पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीवर बलात्कार, ताब्यात असताना मृत्यू किंवा गंभीर दुखापत, आणि गोळीबारात दोन किंवा अधिक माणसांचा मृत्यू. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी एक अतिरिक्त सत्र न्यायाधीश उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमायचा, आणि राज्यात एक पोलीस तक्रार मंडळ, जे या सगळ्यावर नजर ठेवेल. अहवालाचे एकूण आठ भाग १९८१ पर्यंत आले. तोवर केंद्रात सरकार बदललं होतं, आणि अहवाल कपाटात गेला. आपल्याकडच्या सरकारी भाषेत याला फार छान शब्द आहे, 'दप्तरी दाखल'.

तो कपाटातून बाहेर काढला एका पोलिसानेच. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक. १९९६ मध्ये त्यांनी आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दहा वर्षं ती चालली. मधे १९९८ मध्ये ज्युलिओ रिबेरो यांची समिती नेमली गेली, मुंबईकरांना ते पोलीस आयुक्त म्हणून आठवत असतील. शेवटी २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला, सात आदेश, त्यातला सहावा पोलीस तक्रार प्राधिकरणाचा.

सहावा आदेश वाचताना मला सतत १८५५ ची तीन कारणं दिसतात, जणू कुणी समोर ठेवून एकेकाचं उत्तर लिहिलंय. (तसं नाही, हे माहितीये. पण दिसतं खरं.) अंतरावर उत्तर: प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात, उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी, अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश. अधीक्षक आणि वरच्यांसाठी राज्यपातळीवर, अध्यक्ष निवृत्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून. शेऱ्यावर उत्तर: प्राधिकरणाला स्वतःचे चौकशी कर्मचारी घेता येतील, गुप्तवार्ता, सीआयडी वगैरेंतले निवृत्त तपासनीस. आणि शिक्षेवर उत्तर: प्राधिकरणाची शिफारस संबंधित खात्यावर बंधनकारक.

गोव्याने २००७ मध्येच असं प्राधिकरण नेमलं. महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१४ उजाडलं, आणि मुंबईतलं राज्य प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागलं २०१७ मध्ये. या सगळ्यावर देखरेखीसाठी न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती थॉमस समितीने २०१० मध्येच कळवलं होतं की राज्यांनी आदेश मनावर घेतलेले नाहीत.

आता महाराष्ट्राचा कायदा बघू. मराठी आणि इंग्रजी क्रमांकांत गोंधळ नको म्हणून कलमांचे क्रमांक देतच नाही, आशय सांगते. जिल्हा पातळीऐवजी आपल्याकडे महसुली विभाग पातळी आहे. राज्यात जिल्हे ३६ आणि विभाग सहा. भामरागडच्या माणसाला विभाग म्हणजे नागपूर, जाण्याचं अंतर ३०० किलोमीटरच्या वर. पहिलं कारण परत आलं. राज्य प्राधिकरणात निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक निवृत्त सनदी अधिकारी, एक समाजातली मान्यवर व्यक्ती. इथपर्यंत ठीक. पण सदस्य-सचिव म्हणून अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी आहे. कुठल्याही सरकारी कार्यालयात काम केलेल्याला विचारा, फाईल कुणाच्या हातात असते. अध्यक्षांच्या नाही, सचिवाच्या. म्हणून मघाशी इलियटची आठवण ठेवायला सांगितलं होतं.

आणि शिफारशीचं काय? न्यायालयाने बंधनकारक म्हटलं होतं. आपल्या कायद्यात अहवाल शासनाकडे जातो, आणि अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारणं देऊन शासन तो नाकारू शकतं. स्वीकारला, आणि त्यात दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर तो कुठे पाठवायचा? संबंधित पोलीस ठाण्याकडे, तिथे तो प्रथम खबर म्हणून नोंदवला जाईल. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी ते कलम तीनदा वाचलं. न्यायाधीशांनी चौकशी केली, साक्षी घेतल्या, गुन्हा दिसतो म्हणाले, शासनाने मान्य केलं, आणि कागद निघाला ठाण्याकडे. ये रे माझ्या मागल्या. न्याय्य बोलायचं तर एफआयआर कुठेतरी नोंदवायलाच हवी आणि ती ठाण्यातच नोंदते, आणि तपास दुसऱ्या यंत्रणेकडे देता येतो. पण 'देता येतो' आणि 'दिला जातो' यातल्या फरकातच माझा अर्धा थिसिस आहे.

याला दुसरा पर्याय असतो का, असं लोक विचारतात. असतो, आणि योगायोग असा की तो आपल्या पोलिसांच्या चुलत घरातच सापडतो. ज्या आयरिश कॉन्स्टॅब्युलरीवरून आपले पोलीस बेतले, तिचाच एक वारस म्हणजे उत्तर आयर्लंडचं पोलीस दल, रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथल्या कॅथलिक समाजाचा या दलावर काडीचा विश्वास उरला नव्हता. १९९७ च्या सुरुवातीला मॉरिस हेज यांनी अहवाल दिला की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी घेणं आणि तपासणं पूर्णपणे बाहेरच्या यंत्रणेकडे द्या. नोव्हेंबर २००० मध्ये पोलीस लोकपाल कार्यालय सुरू झालं, पहिल्या लोकपाल नुआला ओ'लोन, पेशाने कायद्याच्या प्राध्यापक. स्वतःचे तपासनीस, घटनास्थळी जाण्याचा, पुरावा ताब्यात घेण्याचा अधिकार. तक्रार छोटी असो की मोठी, ती पहिल्यांदा उघडणार लोकपालचा माणूस. सुरुवातीनंतर साधारण वर्षभराने त्यांनी ओमा शहरातल्या १९९८ च्या बॉम्बस्फोटाच्या तपासावर पोलीस नेतृत्वाला दोष देणारा अहवाल काढला, आणि पोलीसप्रमुख भयंकर संतापले. तिथे सगळं सुरळीत आहे असं अजिबात नाही, जुन्या खुनांच्या चौकश्यांवरून आजही भांडणं चालू आहेत. पण भांडण लोकपालशी होतं. अर्जदाराला ठाण्यात परत जावं लागत नाही.

पोलिसांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. मी ज्या पोलिसांशी बोलले, त्यांचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. ते म्हणतात, आरोपीचा वकील पहिल्या दिवशी तक्रार टाकतो, ते डावपेच असतात. आणि चौकशी लागली की बळी जातो शिपायाचा. वरून तोंडी आदेश देणारा साहेब कागदावर कुठेच नसतो. राष्ट्रीय पोलीस आयोगालाही ही भीती होती. खोट्या तक्रारी असतातच. पण खोटी तक्रार खोटी ठरवायचं कामही बाहेरच्या माणसाने केलं तर त्या शिपायाला जास्त फायदा आहे, कारण साहेबाने 'काही तथ्य आढळले नाही' लिहिलेलं कुणीच खरं मानत नाही. निर्दोष शिपायालाही ते वाक्य चिकटून राहतं.

आणि आता ताजी गोष्ट, जिच्यामुळे ही पोस्ट आत्ता लिहायला घेतली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यात कलम १७५ मध्ये एक नवं पोटकलम आहे, चौथं. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना काही केलं अशी तक्रार मॅजिस्ट्रेटकडे आली, तर तपासाचा आदेश देण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: त्या लोकसेवकाच्या वरिष्ठाकडून घटनेचा अहवाल, आणि स्वतः लोकसेवकाचं म्हणणं. पोलीसही लोकसेवकच. आत्तापर्यंत मॅजिस्ट्रेटने वरिष्ठाकडून अहवाल मागवणं ही सवय होती, प्रथा होती, काही वेळा आळस होता. १८५५ च्या आयोगाने त्याला 'नेहमीचा शेरा' म्हटलं होतं. आता ते कायद्याचं कलम आहे. त्याच वेळी जुन्या दंडसंहितेतलं 'अ' आणि 'य' चं उदाहरण नव्या न्याय संहितेच्या कलम १२० खाली जसंच्या तसं आलंय. पोलीस अधिकारी 'अ', कबुलीसाठी, 'य' चा छळ. १६० वर्षांत 'य' ने अर्ज कुठे द्यायचा ते मात्र बदलत राहिलं, आणि नव्या पोटकलमाप्रमाणे त्यावरचा पहिला अहवाल 'अ' चा वरिष्ठ लिहिणार.

पुढच्या पोस्टमध्ये मुंबई इलाख्याकडे वळेन. तिथल्या जुन्या अर्जांवरचे शेरे वाचायचेत, कारण समासातल्या त्या दोन ओळी अर्जापेक्षा जास्त बोलतात असा माझा अंदाज आहे. मोडीचा सराव चालू आहे, पण कारकुनाच्या घाईतली मोडी म्हणजे अवघडच प्रकरण, त्यामुळे वेळ लागेल. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांनी कलेक्टरला किंवा पोलीस पाटलाविरुद्ध केलेला एखादा अर्ज जपून ठेवलेला असेल, आणि त्याच्या पाठीवर काही लिहिलेलं असेल, तर मला जरूर कळवा. अर्जापेक्षा मला पाठ बघायची आहे.